पांढऱ्यावर पांढरा धागा

३ जानेवारी, रविवार

धाकटे,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हा कागद. तुझ्या नवऱ्याला विचारावं तर भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "ती बाळाला झोपवतेय." दहा महिने झाले, ते बाळ झोपतंच आहे. इतकं झोपणारं नातवंड असेल तर डॉक्टरला दाखवा एकदा.

घाबरू नकोस, भांडायला लिहीत नाहीये. कामाचं पत्र आहे. सोबत एक नॅपकिन पाठवतेय, एका गिऱ्हाइकाचा. त्यावर तेल सांडलंय आणि ते काढणं इथे कोणालाच जमत नाहीये. डागांच्या टेबलावर तुझ्या जागी जी बाई बसवलीये ती स्वभावाने बरी आहे, पण तिला एकच विद्या येते, घासायची. परवा तिने उशीचा एक अभ्रा घासून घासून इतका पातळ केला की त्यातून मला भिंतीवरचं घड्याळ दिसलं. तेव्हा हा डाग कसा काढायचा ते चार ओळींत लिहून पाठव. डाग काढून पाठवलास तरी चालेल, पण कृती लिही. कृती महत्त्वाची.

लॉन्ड्रीत सगळं ठीक. बॉयलर कुरकुरतो, पण तो तू होतीस तेव्हाही कुरकुरत होता. मालक आता सकाळी येऊन नुसते खुर्चीत बसतात, कारभार सगळा सूनबाई बघतात. सूनबाई हुशार आहेत. कुठलंसं शिबिर करून आल्या आणि तिथे त्यांना कळलं की माणसांचं कौतुक केलं तर माणसं चांगलं काम करतात. मी म्हटलं, चोवीस वर्षं मी ओरडून काम करून घेतलं, त्यात काय वाईट झालं? त्या गोड हसल्या. गोड हसणाऱ्या माणसाशी भांडताच येत नाही, ही मोठी पंचाईत.

तर डिसेंबरपासून घड्याळाखाली एक फ्रेम लागलीये, 'महिन्याची मानकरी'. पहिल्या महिन्यात चिठ्ठ्या टाकून मतदान झालं. माझ्यासकट सव्वीस बायका, सव्वीस चिठ्ठ्या, आणि निघाली सव्वीस नावं. प्रत्येकीने स्वतःलाच मत दिलं. मौनीनेसुद्धा. वर्षाला चार वाक्यं बोलणारी बाई, पण चिठ्ठीवर स्वतःचं नाव ठळक लिहून खाली रेघ ओढली होती. सूनबाई चिठ्ठ्या हातात धरून बघतच राहिल्या.

आता त्यांनी पाळ्या लावल्यात. पाणी भरायची पाळी असते ना, तशी मानकरी व्हायची पाळी. जानेवारी इंजिनचा. प्रेसवर उभी राहून मशीनपेक्षा जास्त वाफ स्वतःच सोडणारी आपली इंजिन, ती पंधरा दिवस पाय मोडून घरी बसलीये. तरी फोटो लागला. खाली लिहिलंय, 'अथक परिश्रम'.

तू बाळासाठी गेलीस ते योग्यच केलंस. सगळ्या तेच म्हणतात. मीही सगळ्यांना तेच सांगते.

कृती लिही.

तुझी
मोठी जाऊ


१९ जानेवारी, मंगळवार

धाकटे,

नॅपकिन मिळाला. उजेडात धरला, उलटा करून बघितला, नाकाला लावला. डाग म्हणून नाही. पण पाकिटात दुसरंही काही नाही. कृती नाही, चार ओळी नाहीत, 'तुम्ही कशा आहात' एवढंही नाही. आणि कोपऱ्यात धागा नाही.

धागा नाही हे मला लागलं बघ. मी चारही कोपऱ्यांवरून बोट फिरवलं. एकोणीस वर्षं तुझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक कापडाला पिवळा टाका असायचा, आणि मी पाठवलेल्या कापडाला नाही.

परवा सूनबाईंनी विचारलंच, हे धागे कसले म्हणून. मी समजावून सांगितलं. इथे प्रत्येकीचा एक रंग. कापडावर जिचा हात फिरला तिने कोपऱ्यात आपल्या रंगाचा एक टाका घालायचा. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की कोपरा बघायचा आणि तक्रारवहीत त्या रंगापुढे लिहायचं. मौनीचा निळा, इंजिनचा लाल, धाकटीचा पिवळा होता, माझा पांढरा.

"आणि कोणी चांगलं म्हणालं तर?" सूनबाई म्हणाल्या.

"चांगलं म्हणायला येतंय कोण?" मी म्हटलं.

त्यांनी काहीतरी टिपून घेतलं. मग तक्रारवही पहिल्यापासून चाळली आणि म्हणाल्या, "पांढऱ्यावर चोवीस वर्षांत एकही तक्रार नाही. कमाल आहे तुमची." मी नुसती मान हलवली. माझी कमाल आहे हे कोणी म्हणत असेल तर मी कशाला नाही म्हणू?

बरं, आता ऐक. सोबत एक अभ्रा आहे, साईच्या रंगाचा, जाड. यावरही तेल. समज, असंच एखादं मोठं कापड असलं. खूप मोठं. समज, दोन मजले उंच. तर त्यावरचा डाग मधून बाहेर काढत जायचा की कडेकडून आत? गार पाण्याने की कोमट? मी आपलं सहज विचारतेय. माणसाने शिकत राहावं.

सूनबाईंची नवी गंमत म्हणजे कौतुकपेटी. दाराशी लाकडी पेटी टांगलीये. कोणाचं काही आवडलं तर चिठ्ठी टाकायची, शनिवारी सगळ्यांसमोर पेटी उघडायची. पहिल्या शनिवारी तीन चिठ्ठ्या निघाल्या. एकीत होतं, 'पेटीला कुलूप छान आहे.' दुसरीत, 'संडासाची कडी कधी लावणार?' तिसरी मालकांची होती, त्यांनी सूनबाईंचं कौतुक केलं होतं. कडी मात्र त्याच दिवशी लागली, तेव्हा पेटी अगदीच वाया गेली असं म्हणता येणार नाही.

आमचे हे तुझ्या नवऱ्याशी दर रविवारी फोनवर बोलतात. दोघे भाऊ तासभर फक्त गुडघ्यांवर बोलतात. या रविवारी मात्र तुझ्या नवऱ्याने विचारलं म्हणे, "वहिनी कापडं का पाठवतेय?" यांनी माझ्याकडे बघितलं. मी भांडी आवरायला उठले.

आता तरी लिही.

मोठी जाऊ


८ फेब्रुवारी, सोमवार

धाकटे,

अभ्राही आला. स्वच्छ, मुका, बिनधाग्याचा. आता त्या 'समज'मागे काय होतं ते सांगते, कारण दिवस कमी उरलेत.

पडदा आलाय.

नाट्यगृहाचा, तोच. यंदा त्यांनी दोरीची चाकं बदलली आणि चाकांना तेल देणाऱ्याने हात सैल सोडला. पडद्याच्या मधोमध परातीएवढा काळा डाग आणि खाली चार हात ओघळ. वर व्यवस्थापकांची चिठ्ठी, 'गेल्या वर्षी ज्यांनी हे काम केलं त्या पांढऱ्या धाग्याच्या बाईंनाच पडदा द्यावा. दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ नये.' सूनबाईंनी ती सगळ्यांसमोर वाचली आणि टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मी एका कोपऱ्यातल्या शिंतोड्यावर आधी हात चालवून बघितला. तेल गेलं, कडं राहिलं. कडं घालवायला गेले तर ते आणखी पसरलं. आता तिथे बशीएवढं गोल कडं आहे आणि त्यावर मी टेबल सरकवून ठेवलंय. मोठ्या डागाला हात लावायची माझी छाती नाही. दहा एप्रिलला त्यांचा हंगाम सुरू होतो, त्याआधी पडदा वर चढायला हवा.

गेल्या सोमवारी दुपारी सगळ्या जेवायला गेल्या तेव्हा मी तक्रारवही घेऊन बसले. पिवळा शोधत होते. एकोणीस वर्षांत पिवळ्यापुढे एक ओळ नाही. तक्रार नाही म्हणून ओळ नाही, आणि ओळ नाही म्हणून लॉन्ड्रीच्या कागदांत तू कुठेच नाहीस. जिने चादरी जाळल्या तिची पानंच्या पानं आहेत. दोन महिने काम करून गेलेल्या एका बाईचं सव्वा पान आहे. आणि तू जशी कधी आलीच नव्हतीस. मला फार वाईट वाटलं गं.

मग मला काय सुचलं कोण जाणे, मी वही उलटी केली आणि मागच्या पानापासून लिहायला लागले. 'निळा: हॉस्पिटलच्या नर्सबाई म्हणाल्या, या गठ्ठ्यातल्या चादरी मऊ असतात, पाठीला जखम असलेल्या आजोबांना त्याच हव्या असतात.' हे त्या मागच्याच महिन्यात म्हणाल्या होत्या. मी ऐकून सोडून दिलं होतं. लिहिलं आणि मौनीला बोलावून दाखवलं. तिने तीनदा वाचलं. मग म्हणाली, "निळा म्हणजे मीच ना?" वर्षाची चार वाक्यं, त्यातलं एक तिने यावर खर्च केलं. दुपारभर ड्रमपाशी गुणगुणत होती. मौनी गुणगुणते हे मला पहिल्यांदाच कळलं.

आठवड्यात वहीची उलटी बाजू पाच पानं भरली. गाडीवाला आता गठ्ठा देताना प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारतो, "काही चांगलं म्हणायचंय का?" हॉटेलचा माणूस दचकला. म्हणाला, "का, आमचं काही चुकलं का?" इंजिन कुबडी टेकत आली आणि आल्या आल्या वही मागितली. लालपुढे दोन ओळी होत्या. तिने त्या मोठ्याने वाचल्या, मग फ्रेममधला स्वतःचा फोटो काढला आणि म्हणाली, हा नको, हे पान टांगा.

सूनबाई खूश आहेत. मला म्हणतात, तुम्हाला हे सुचलं कसं? काय सांगू त्यांना?

उलट्या बाजूची पहिली ओळ मी रिकामी ठेवलीये. बाकी सगळं तिच्याखाली लिहिलंय.

मोठी जाऊ


२१ फेब्रुवारी, रविवार

धाकटे,

आज कापड पाठवत नाही.

काल सूनबाईंनी बोलावलं. सहा मार्चला वार्षिक कौतुक समारंभ, आणि यंदाची ढालही मलाच. का, तर उलट्या वहीसाठी. मालक खुर्चीतून म्हणाले, "सलग दोन वर्षं. विक्रम आहे." मी घरी येऊन यांना सांगितलं. यांनी पेपर खाली न करताच विचारलं, "अरे वा. आणि गेल्या वर्षीची कोणाची होती?"

म्हणजे यांना ठाऊक आहे. दहा-अकरा महिने एका ताटापलीकडे बसून जेवतायत, ठाऊक असून बोलले नाहीत. मला जेवण गेलं नाही.

आता लिहिते. एकदाच लिहिणार आहे, नीट वाच.

पडदा तू केलास. अकरा दिवस जमिनीवर गुडघे टेकून, चमचा आणि फडकं घेऊन, बोट बोट करत. मी काय केलं? दारातून डोकावून दिवसातून तीनदा विचारलं, "अजून झालं नाही?" शेवटच्या दिवशी तू सुईत पिवळा ओवलास. मी म्हटलं, साईच्या रंगावर पिवळा डोळ्यांत खुपेल, मानाचं काम आहे, माझा पांढरा घाल. तू सुईतला पिवळा ओढून काढलास आणि माझं रीळ घेतलंस. तेव्हा माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं, शपथेवर सांगते. पण पंधरा दिवसांनी मालकांनी कोपऱ्यातल्या टाक्यावरून माझं नाव पुकारलं, तेव्हा मला सगळं लख्ख आठवत होतं.

खुर्चीपासून स्टेजपर्यंत बावीस पावलं होती. प्रत्येक पावलाला वाटलं, आता सांगते. मग ढाल हातात आली आणि खरं सांगू, फार छान वाटलं. चोवीस वर्षांत मला कोणी साधं 'बरं केलंत' म्हटलं नव्हतं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तशी मी तिथे बसले आणि मला ते बीळ आवडलं. तू तिसऱ्या रांगेत होतीस, टाळ्या वाजवत होतीस. मी बघितलं आणि नजर वळवली. दुसऱ्या दिवशी तुझ्या टेबलावर घडी घातलेला एप्रन आणि त्यावर पिवळं रीळ. मी सगळ्यांना सांगितलं, बाळासाठी गेली.

आणखी एक आहे. तेही आजच सांगून टाकते, नाहीतर परत धीर व्हायचा नाही. पांढऱ्यावर एकही तक्रार का नाही, माहितेय? रंग वाटले तेव्हा मी मुद्दाम पांढरा मागून घेतला. पांढऱ्या चादरीवर पांढरा टाका कोणाला दिसणार? तक्रार आली की कोपरा बघायचे आणि म्हणायचे, धागा गळून पडला असेल. माझ्या हातून चादरी करपल्यात. एकदा तर डॉक्टरांचे आठ कोट गुलाबी निघाले. ते वहीत अजून 'अज्ञात' म्हणून आहेत. झाकली मूठ सव्वा लाखाची. साईच्या रंगावर मात्र पांढरा उठून दिसतो. चोवीस वर्षांत माझा धागा एकदाच दिसला, तो तुझ्या कामावर.

सोबतचा कागद तुझा आहे. गेल्या वर्षी पडदा परत गेल्यावर नाट्यगृहाच्या व्यवस्थापकांनी लिहिलेलं पत्र. मालकांनी ते ढालीबरोबर मला दिलं होतं. मी ते वर्षभर बटणांच्या डब्यात तळाशी ठेवलं. किती वेळा काढून वाचलं ते विचारू नकोस. घड्यांवरून कळेलच.

सहा तारखेला काय करायचं ते मी ठरवलंय, पण माझं मलाच खरं वाटत नाही. सत्तावन्नाव्या वर्षी, ज्यांना मी आजवर ओरडत आले त्या सगळ्यांसमोर उभं राहायचं. येता आलं तर ये.

मोठी जाऊ


७ मार्च, रविवार

धाकटे,

तू आली नाहीस. दाराजवळची एक खुर्ची मी तुझ्यासाठी धरायला लावली होती. शेवटी इंजिनने तिच्यावर मोडका पाय ठेवला.

ऐक, काय झालं. मालकांनी भाषण केलं, ढाल उचलली, माझं नाव घेतलं. मी गेले. यंदाही बावीसच पावलं. माईक हातात घेतला तर तो किंचाळला, मीही दचकले, आणि त्या दचक्यातच तोंडून निघून गेलं, "ही ढाल माझी नाही. गेल्या वर्षीचीही नव्हती."

मग सगळं सांगितलं. अकरा दिवस, पांढरं रीळ, बावीस पावलं. पत्र तुझ्याकडे पाठवलंय, पण मला ते पाठ आहे, ते म्हणून दाखवलं. 'पडदा वर चढला आणि आम्ही सगळे बघत उभे राहिलो. सतरा वर्षं मी इथे आहे, पण या पडद्याचा मूळ रंग हा आहे हे मला माहीत नव्हतं. ज्या हातांनी हे केलं त्या हातांना माझा नमस्कार सांगावा.' मग म्हटलं, तो नमस्कार मी वर्षभर घरी दाबून ठेवला होता.

मग इंजिन बसल्या जागेवरून म्हणाली, "आम्हाला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"कापड बघून हात कळत नाही का? तुम्ही केलेलं कापड कडेला ताठ असतं. धाकटीचं सैल पडतं. पडद्याची घडी उचलली तेव्हाच कळलं होतं सगळ्यांना."

"मग बोललात का नाही?"

मौनी म्हणाली, "तुम्ही ओरडला असतात."

आधी सूनबाई हसल्या, मग मालक, मग सगळ्याच. मी रडत होते, आणि रडता रडता मलाही हसू आलं. सव्वा लाखाची मूठ म्हणे. ती वर्षभर उघडीच होती आणि मी एकटी ती घट्ट आवळून फिरत होते.

सूनबाई रागावतील असं वाटलं होतं. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी कोऱ्या चिठ्ठ्या वाटल्या आणि म्हणाल्या, ढाल कोणाची ते आता तुम्हीच ठरवा. सव्वीस चिठ्ठ्या उघडल्या. सव्वीसही चिठ्ठ्यांवर एकच शब्द, 'पिवळा'. एकीच्या खाली रेघ ओढलेली होती. मग वही आणली, आणि उलट्या बाजूची पहिली ओळ मी सगळ्यांसमोर भरली. 'पिवळा: नाट्यगृहाचा पडदा. आणि त्याआधीची सगळी एकोणीस वर्षं.' ढाल ऑफिसात आहे, तू आल्याशिवाय ती कोणी हलवणार नाही.

मग वही सुलट केली आणि 'अज्ञात' खोडून तिथे 'पांढरा' लिहिलं. अकरा ठिकाणी. गुलाबी कोटांपाशी आले तेव्हा मालक खुर्चीतून उठले. "ते तुम्ही?" म्हणाले. त्या वेळी ते स्वतः हॉस्पिटलात माफी मागायला गेले होते. आता मला जायला सांगतायत. जाईन.

पांढरा रंग रद्द झाला, एकमताने. मला दिसेल असा रंग घ्यायचाय. कोणी तपकिरी म्हणालं, कोणी किरमिजी, पाच मिनिटं नुसता गोंधळ. शेवटी ठरलं की रंग धाकटी ठरवेल.

सोबत एक रुमाल आहे. याच्यावर डाग नाही. कोपरा रिकामा आहे.

पडद्यासाठी तुला बोलावत नाही, हे नीट समजून घे. टेबल मी बाजूला केलंय, कडं ज्याला बघायचं त्याने बघावं. डाग नाही निघाला तर नाट्यगृहात मीच जाऊन सांगेन. मी तुला बोलावतेय ते मला करमत नाही म्हणून. दुपारी डबा उघडते आणि समोर कोणी नसतं. माझं चुकलं, धाकटे. मला माफ कर.

मोठी जाऊ


२५ मार्च, गुरुवार

मोठ्या जाऊबाईंना,

पत्रं पाच, कापडं तीन मिळाली. मला लिहायची सवय नाही, तेव्हा मुद्द्याचं लिहिते.

नॅपकिनवरचं तेल गिऱ्हाइकाचं नव्हतं. तुमच्या घरच्या शिलाई मशीनचं होतं. वासावरून कळलं. चुकून सांडलेलं तेल इतकं गोल आणि इतकं मधोमध पडत नाही. अभ्र्यावर तर चमच्याने घातलं होतंत. तुम्हाला डाग पाडताही येत नाहीत. तरी काढले, कारण डाग समोर असला की मला बसवत नाही. धागा घातला नाही, कारण राग होता.

राग ढालीचा नव्हता. मी टाळ्या वाजवत होते ते तुम्ही माझ्याकडे बघाल आणि मला वर बोलवाल म्हणून. तुम्ही बघितलंत आणि मान फिरवलीत. ते विसरायला मला वर्ष लागलं. अजून थोडं उरलंय, ते तिथे येऊन विसरेन.

रुमालाचा कोपरा बघा. पिवळा माझा. त्याच्या शेजारचा टाका तुमचा. पोपटी. खूप विचार करून ठरवलाय. लांबून दिसतो, आणि तुमच्यासारखाच गप्प बसत नाही. रीळ सोबत आहे.

मी येईपर्यंत पडद्याला पाणी लावू नका. गरम तर नकोच. कड्यावर टेबल परत ठेवा, धूळ बसली तर आणखी दोन दिवस जातील. सोमवारी सकाळच्या गाडीने येते. अकरा दिवस लागतील, म्हणजे वेळेत होईल. दिवसातून तीनदा दारात येऊन 'झालं का' विचारायचं नाही. यायचंच असेल तर फडकं घेऊन या आणि शेजारी गुडघे टेकून बसा. कडेकडून आत, गार पाणी, उलट्या बाजूने. ही कृती. हातानेच कळते, लिहून कळत नाही, म्हणून लिहिली नव्हती.

ढाल ऑफिसातच राहू दे. नाट्यगृहाचं पत्र मात्र तुम्हाला परत मिळणार नाही. मुलीने वाचलं, जावयाने वाचलं, शेजारीण रोज एकदा मागून नेते. बाळ झोपतंय असं हे तुम्हाला फोनवर सांगायचे, ते खोटं होतं. ते डोळ्याला डोळा लावत नव्हतं. आता दुपारी मांडीवर घेऊन ते पत्र वाचून दाखवते, 'ज्या हातांनी हे केलं' इथवर आलं की झोपतं.

धाकटी